पीयूषिकेच्या गाठींवरील केंद्रित किरणोपचार : गाठ थांबते, संप्रेरक रेंगाळते

पीयूषिका ग्रंथीच्या गाठींवर किरणांनी उपचार करण्याचा विचार आजचा नव्हे. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावल्यावर अवघ्या चौदा वर्षांनी, म्हणजे १९०९ मध्ये, इटलीत ग्रामेन्या आणि पॅरिसमध्ये आंत्वान बेक्लेर यांनी या ग्रंथीच्या गाठी असलेल्या रुग्णांवर क्ष-किरणांचा प्रयोग केल्याचे नोंदवले. पेनिसिलीन रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या तीन दशके आधी या ग्रंथीवर किरण पडू लागले होते. त्यानंतर यंत्रे बदलली, किरणांचे स्रोत बदलले, मेंदूचे चित्रण करण्याची साधने तर पूर्णपणे नवी आली. परंतु प्रश्न मात्र शंभर वर्षे तोच राहिला आहे, आणि तो असा की कवटीच्या मध्यावर, नाजूक शेजाऱ्यांच्या गराड्यात बसलेल्या एका इवल्याशा गाठीला पुरेसे किरण कसे पोहोचवावेत आणि शेजाऱ्यांना त्यांची झळ कशी लागू देऊ नये.

हे शेजारी कोण, ते पाहिल्याशिवाय उपचाराचे मर्म कळत नाही. मराठी विश्वकोशात जिला पोष ग्रंथी म्हटले आहे आणि शालेय पुस्तकांतून जी पीयूषिका म्हणून परिचित आहे, ती वाटाण्याएवढी, सुमारे अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातील एका खळग्यात बसलेली असते. या खळग्याचा आकार पाहून जुन्या शरीररचनाकारांनी त्याला तुर्की खोगीर असे नाव दिले. खोगिराच्या दोन्ही अंगांना शिरांची एकेक पोकळी असते, तिच्यातून मेंदूला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी जाते आणि डोळा फिरवणाऱ्या तसेच चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या चेताही तिथूनच जातात. वर, काही मिलिमीटरच्या अंतरावर, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता फुलीसारख्या एकमेकींना छेदतात; ही चेतांची फुली दाबली गेली की दोन्ही बाजूंच्या कडांचे दिसणे कमी होते आणि रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन रुग्णाला दिसेनासे होते. मुख्य म्हणजे सर्वांत जवळचा शेजारी ही ग्रंथी स्वतःच असते, कारण गाठ तिच्याच पेशींची बनलेली असते आणि निरोगी भाग गाठीच्या कडेला एखाद्या पातळ पापुद्र्यासारखा चेपून पसरलेला असतो. या शेजाऱ्याची आठवण या विषयावरील लेखनात बहुधा सर्वांत शेवटी होते, आणि उपचाराची खरी किंमत तर तोच मोजतो.

या गाठी जवळजवळ नेहमीच सौम्य, म्हणजे शरीरात अन्यत्र न पसरणाऱ्या असतात. त्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. काही गाठी कोणतेही संप्रेरक जादा बनवत नाहीत आणि केवळ वाढून, दाब देऊन त्रास देतात. त्यांना अकार्यकारी गाठी म्हणतात. उरलेल्या गाठी एखादे संप्रेरक बेसुमार स्रवतात: वाढीचे संप्रेरक जास्त झाल्यास हात, पाय, जबडा रुंदावणारा ॲक्रोमेगॅली हा विकार होतो, ज्याचे वर्णन प्येर मारी यांनी १८८६ साली केले, अधिवृक्क ग्रंथीला डिवचणारे एसीटीएच जास्त झाल्यास कॉर्टिसॉल वाढून कुशिंगचा विकार होतो, आणि प्रोलॅक्टिन वाढल्यास पाळी थांबणे, वंध्यत्व, स्तनांतून दूध येणे अशा तक्रारी सुरू होतात. प्रोलॅक्टिनच्या गाठी कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनीच बहुधा आक्रसतात. बाकीच्या गाठींसाठी नाकावाटे, खोगिराखालच्या हाडाच्या पोकळीतून केली जाणारी शस्त्रक्रिया हा पहिला उपाय असतो, आणि विशेषतः दृष्टी जात असेल तर तो एकमेव झटपट उपाय असतो, कारण चेतांवरचा दाब काही तासांत उतरवण्याची ताकद किरणांमध्ये नाही. किरणोपचाराचा क्रमांक त्यानंतर लागतो: शस्त्रक्रियेनंतर शिरांच्या पोकळीत शिरलेला अंश राहिला, गाठ पुन्हा वाढू लागली, औषधे लागू पडेनात किंवा परवडेनात, तेव्हा. केंद्रित किरणोपचाराबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ हा क्रम उलटा मानण्यात आहे.

केंद्रित उपचार येण्यापूर्वीची पद्धत आजही वापरात आहे आणि तिला टाकाऊ समजण्याचे कारण नाही. तिच्यात एकूण ४५ ते ५४ ग्रे एवढी मात्रा सुमारे १.८ ग्रेच्या छोट्या हप्त्यांत, आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे दिली जाते. ग्रे म्हणजे एक किलो ऊतीने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा. हप्त्यांमागचे तत्त्व असे की प्रत्येक लहान मात्रेनंतर निरोगी पेशी आपल्या केंद्रकातील मोडतोड रातोरात बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. या पद्धतीने गाठींची वाढ उत्तम रोखली जाते, यावर दुमत नाही. मात्र जुन्या तंत्रात कानशिलांवरून येणारे रुंद झोत मेंदूच्या मोठ्या भागातून जात, आणि त्याचे हिशेब दशकांनंतर पुढे आले: ब्रिटनमधील ब्राडा व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ३३४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात मेंदूत दुसरीच गाठ उद्भवण्याचे प्रमाण दहा वर्षांत १.३ टक्के आणि वीस वर्षांत १.९ टक्के आढळले. पक्षाघाताचा धोकाही वाढलेला दिसला. याखेरीज दहा वर्षांच्या आत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांची ग्रंथी एखाद्या तरी संप्रेरकात उणी पडते. झोत अरुंद करण्याची निकड इथे निर्माण झाली.

अरुंद झोताची कल्पना मात्र पीयूषिकेच्या गाठींसाठी जन्मली नव्हती. स्वीडनचे मेंदूशल्यज्ञ लार्स लेक्सेल यांनी १९४९ साली डोक्याला घट्ट बसवायची एक चौकट तयार केली होती, जिच्या आधारे मेंदूतील कोणताही बिंदू लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन आकड्यांत सांगता येई. या पद्धतीला स्टिरिओटॅक्सी म्हणतात. सुईऐवजी त्या बिंदूवर अनेक दिशांनी किरण एकवटले तर कवटी न उघडता शस्त्रक्रियेचा परिणाम साधता येईल, असे सुचवून त्यांनी १९५१ मध्ये 'रेडिओसर्जरी' हा शब्द घडवला. त्याच दशकात कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जॉन लॉरेन्स यांनी १९५४ पासून सायक्लोट्रॉनमधील प्रोटॉन रुग्णांच्या पीयूषिकेवर सोडायला सुरुवात केली. हे रुग्ण म्हणजे मुख्यतः पसरलेला स्तनकर्करोग असलेल्या स्त्रिया होत्या आणि उद्देश गाठ नष्ट करण्याचा नसून निरोगी ग्रंथीच बंद पाडण्याचा होता, म्हणजे कर्करोगाला पोसणारी संप्रेरके आटावीत. आज ज्याला दुष्परिणाम म्हणतात तेच त्या काळी साध्य होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९६० च्या दशकात बोस्टनमध्ये रेमंड केलबर्ग यांनी हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर ॲक्रोमेगॅलीच्या रुग्णांवर प्रोटॉनचे उपचार केले. प्रोटॉनचा गुण असा की तो आपली बहुतेक ऊर्जा वाटेत न उधळता प्रवासाच्या शेवटी एकदम सोडतो. पण त्या काळी सायक्लोट्रॉन रुग्णालयात बसवता येत नसे, हे ओळखून लेक्सेल यांनी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे १७९ स्रोत एका शिरस्त्राणासारख्या पोलादी कवचात मांडले, आणि १९६८ मध्ये स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात पहिले 'गॅमा नाइफ' सुरू झाले. त्यात सुरी कुठेही नाही. नावाने मात्र रुग्णांची आजवर बरीच दिशाभूल केली आहे. पुढच्या आवृत्त्यांत स्रोतांची संख्या २०१ झाली आणि २००६ नंतरच्या यंत्रांत १९२. रेखीय त्वरकाने, म्हणजे वीजकणांना वेग देऊन क्ष-किरण बनवणाऱ्या नेहमीच्या यंत्राने, हेच काम करण्याच्या पद्धती १९८० च्या दशकात आल्या. तर लेक्सेल यांच्याकडे काही काळ शिकलेल्या जॉन ॲडलर यांनी स्टॅनफर्डमध्ये यंत्रमानवाच्या हातावर छोटा त्वरक बसवलेले 'सायबरनाइफ' घडवले, ज्यावर १९९४ मध्ये पहिला रुग्ण गेला.

उपचाराचा प्रत्यक्ष दिवस बहुधा पहाटेच सुरू होतो. कपाळावर दोन आणि डोक्याच्या मागे दोन अशा चार जागी त्वचा बधिर करून हलक्या धातूची चौकट चार स्क्रूंनी कवटीच्या हाडाला पक्की केली जाते. इंजेक्शन सोडले तर दुखते ते आवळल्याचा दाब तेवढा, आणि तोही दहा-पंधरा मिनिटांत बोथट होतो. चौकटीवर खुणांची पेटी चढवून एमआरआय काढला जातो आणि मग रुग्ण चहा पीत बसलेला असताना शेजारच्या खोलीत शल्यज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असे तिघे पडद्यासमोर बसून आराखडा आखतात. एका मिलिमीटरच्या कापांवर गाठीची कड रेखणे, तिच्यावर ताणलेली दृष्टिचेतांची फुली रेखणे, निरोगी ग्रंथीचा उजळ पापुद्रा दिसत असल्यास तोही वेगळा करणे, हे यातले खरे कौशल्याचे काम होय. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या खोगिरात व्रण, भरलेली चरबी आणि उरलेली गाठ यांत फरक करणे अनुभवी डोळ्यालाही अवघड जाते, आणि इथे चुकलेली रेघ पुढे कोणतेही यंत्र दुरुस्त करत नाही. त्यानंतर चार, आठ किंवा सोळा मिलिमीटर व्यासाच्या झोतांचे बिंदू गाठीत असे रचले जातात की त्यांची बेरीज गाठीच्या आकाराला चपखल बसेल. रुग्ण पाऊण तासापासून दोन-तीन तासांपर्यंत जागाच पडून राहतो, त्याला ना काही दिसते ना काही जाणवते, आणि संध्याकाळी चौकट काढून तो बहुधा घरी जातो. अलीकडच्या यंत्रांत स्क्रूंऐवजी चेहऱ्यावर घट्ट बसणारा साचा वापरण्याचीही सोय आहे.

मात्रा किती द्यायची, हे गाठ कोणत्या वर्गातली आहे यावर ठरते. अकार्यकारी गाठीच्या कडेला १२ ते १६ ग्रे पुरतात, कारण तिथे वाढ थांबवणे एवढेच अपेक्षित असते; संप्रेरक स्रवणाऱ्या गाठीला मात्र २० ते २५ ग्रे लागतात, कारण पेशीचे विभाजन थांबवणे सोपे असले तरी तिचे स्रवणे थांबवणे कठीण असते. दुसरी मर्यादा फुलीची: एका बैठकीत तिला ८ ग्रेपर्यंत मात्रा मिळाल्यास दृष्टीला धोका जवळजवळ नसतो, १० ग्रेपर्यंत तो अत्यल्प राहतो, आणि १२ ग्रेपलीकडे वेगाने वाढत जातो. म्हणून गाठ आणि फुली यांच्यामध्ये निदान दोन-तीन मिलिमीटरची फट असावी लागते, जिच्यात मात्रा निम्म्यावर उतरू शकेल. ही फट नसेल तर एकाच बैठकीचा आग्रह धरू नये. ३ ते ५ हप्त्यांत, उदाहरणार्थ पाच दिवसांत मिळून २५ ग्रे देणे किंवा जुन्या पद्धतीचे तीस हप्ते अचूक नेम साधून देणे, हेच शहाणपणाचे. काही केंद्रे आधी शस्त्रक्रियेने गाठ फुलीपासून खाली उतरवून घेतात आणि मग किरण देतात. शल्यज्ञ आणि किरणतज्ज्ञ एकाच टेबलाशी बसत असतील तर ही वाट सर्वांत चांगली ठरते.

निष्पत्तीचा विचार करताना 'नियंत्रण' या शब्दाचा अर्थ आधी पक्का करायला हवा. गाठ नाहीशी होणे हा त्याचा अर्थ नव्हे. ती वाढली नाही, एवढाच आहे. अमेरिकेतील व इतर केंद्रांच्या ५१२ अकार्यकारी गाठींचा जेसन शीहन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेला आढावा या बाबतीत वारंवार उद्धृत होतो: तीन वर्षांनी ९८ टक्के, पाच वर्षांनी ९५, आठ वर्षांनी ९१ आणि दहा वर्षांनी ८५ टक्के गाठी नियंत्रणात राहिल्या. हे आकडे चांगले आहेत यात शंका नाही, परंतु ते वर्षागणिक उतरत जातात हेही तितकेच खरे, आणि दोन-तीन वर्षांच्या पाठपुराव्यावर यशाची द्वाही फिरवणाऱ्या जाहिराती यातला पहिलाच आकडा घेतात. शस्त्रक्रियेनंतर छोटा अंश उरल्यास लगेच किरण द्यावेत की वाढ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. असे अंश सगळेच वाढत नाहीत. म्हणून वयस्क रुग्णात, फुलीपासून दूर असलेल्या लहानशा अंशाबाबत दरवर्षी एमआरआय काढत वाट पाहणे गैर नाही, तर तरुण रुग्णात शिरांच्या पोकळीत शिरलेल्या अंशाबाबत फार काळ थांबणे धोक्याचे असते.

संप्रेरक स्रवणाऱ्या गाठींमध्ये चित्र वेगळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. इथेही गाठीची वाढ दहांतील नऊ जणांत थांबते, पण रक्तातील संप्रेरक पूर्वपदावर येणे ही वेगळी गोष्ट असते. ॲक्रोमेगॅलीच्या ३७१ रुग्णांच्या एका बहुकेंद्री अभ्यासात दहा वर्षांनी ६९ टक्क्यांमध्ये पातळी एकदा तरी पूर्ववत झाली, मात्र टिकाऊ यश ५९ टक्क्यांतच मिळाले, आणि तिथवर पोहोचायला सरासरी ३८ महिने लागले. कुशिंगच्या विकारात परिणाम लवकर, बहुधा एक-दीड वर्षात दिसतो. पण सुरुवातीला सुधारलेल्यांपैकी काहींमध्ये कॉर्टिसॉल पुन्हा वाढते. प्रोलॅक्टिनच्या गाठींत यश सर्वांत कमी, निम्म्याहून कमी रुग्णांत मिळते, अर्थात गोळ्यांना न जुमानणाऱ्या सर्वांत हट्टी गाठीच किरणांकडे येतात, हेही त्याचे एक कारण आहे. या प्रतीक्षेच्या काळात औषधे चालूच ठेवावी लागतात. त्यातही एक पेच आहे: झुरिकचे आलेक्स लांडोल्ट यांनी २००० साली दाखवले की किरण देतेवेळी ऑक्ट्रिओटाइड हे औषध चालू असलेल्या ॲक्रोमेगॅलीच्या रुग्णांत परिणाम उशिरा आला, बहुधा औषधाने झोपलेली पेशी किरणांना कमी दाद देते म्हणून. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, तरीही परवडत असेल तेव्हा उपचाराच्या आधी काही आठवडे औषध थांबवण्याचा प्रघात अनेक केंद्रांनी ठेवला आहे, आणि तो रास्त वाटतो.

एक बैठक श्रेष्ठ की तीस हप्ते, या प्रश्नाला चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडलेल्या चाचणीचे उत्तर उपलब्ध नाही. दोन्ही गटांत जाणारे रुग्णच मुळात वेगळे असतात, लहान आणि फुलीपासून दूर असलेल्या गाठी एका बैठकीकडे, तर मोठ्या आणि चिकटलेल्या हप्त्यांकडे, त्यामुळे दोन्हींच्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते. यंत्रायंत्रांतील स्पर्धेबद्दल तर आणखी कमी बोलावे: गॅमा नाइफ, सायबरनाइफ आणि चांगला रेखीय त्वरक यांच्या निष्पत्तीत या गाठींपुरता दाखवता येण्याजोगा फरक आढळलेला नाही. अरुंद झोताचे मोल नेमके सिद्ध करणारी एक चाचणी मात्र मुंबईची आहे. टाटा स्मारक रुग्णालयात राकेश जलाली व सहकाऱ्यांनी सौम्य व मंदगती मेंदूगाठी असलेल्या २०० मुला-तरुणांना दोन गटांत विभागून ५४ ग्रे ३० हप्त्यांत दिले, एका गटाला नेहमीच्या आणि दुसऱ्याला स्टिरिओटॅक्सीच्या पद्धतीने. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी दुसऱ्या गटाची बुद्धी आणि संप्रेरके दोन्ही अधिक शाबूत होती, गाठीवरील नियंत्रण मात्र सारखेच होते.

दुष्परिणामांत तात्पुरती डोकेदुखी आणि थकवा किरकोळ होत. शीहन यांच्या अभ्यासात चेतांना नव्याने किंवा अधिक इजा ९ टक्क्यांत दिसली. किरणांमुळे नव्याने कर्करोग उद्भवण्याची भीती रुग्ण सर्वांत आधी बोलून दाखवतात. गॅमा नाइफने उपचार झालेल्या ४,९०५ रुग्णांच्या २०१९ च्या बहुकेंद्री अभ्यासात मेंदूतील मारक गाठीचे प्रमाण एक लाख रुग्ण-वर्षांमागे सुमारे सात, म्हणजे सर्वसाधारण लोकसंख्येएवढेच आढळले. खरी भीती बाळगायची ती ग्रंथी उणी पडण्याची, आणि तिच्याबद्दल रुग्ण क्वचितच विचारतात. शीहन यांच्या ५१२ रुग्णांत २१ टक्क्यांना संप्रेरकांची नव्याने किंवा अधिक उणीव झाली; पाठपुरावा लांबतो तसे हे प्रमाण वाढत जाते, आणि पाच वर्षे सर्व ठीक असलेल्या रुग्णात सातव्या-आठव्या वर्षी उणीव प्रकटू शकते. तरुण स्त्रीची पाळी थांबते आणि गर्भधारणेसाठी इंजेक्शनांची गरज पडते, पुरुषाचे दाढीचे केस विरळ होतात, आणि कॉर्टिसॉल कमी पडलेला माणूस साध्या तापात कोसळतो. 'चिरफाड नाही, एका दिवसात मोकळे' हे वर्णन म्हणून निम्मेच खरे आहे: यंत्रातून एका दिवसात मोकळे होता येते, रक्ततपासणीतून आयुष्यभर नाही.

भारतात पहिले गॅमा नाइफ १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्येही ते सुरू झाले. आता त्वरकावरील स्टिरिओटॅक्सी पुणे-मुंबईतच नव्हे तर इतर मोठ्या शहरांतही मिळते. अडचण यंत्रापाशी नसून यंत्रानंतरच्या वर्षांत आहे. गडचिरोलीचा किंवा सिंधुदुर्गाचा रुग्ण मुंबईत किरण घेऊन परततो, एमआरआयची एखादी फेरी करतो आणि मग जवळच्या तालुक्याच्या दवाखान्यात थकव्याची तक्रार घेऊन जातो. तिथे थायरॉइडसाठी टीएसएच ही एकच तपासणी होते आणि अहवाल ठीक येतो. पण टीएसएच हे पीयूषिकेचेच संप्रेरक असल्याने ती ग्रंथीच दुबळी झालेली असताना त्याचा आकडा निरर्थक असतो; अशा रुग्णात थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, म्हणजे फ्री टी-४, पाहावे लागते. उलट फ्री टी-४ कमी आला म्हणून कॉर्टिसॉल न पाहता थायरॉइडची गोळी सुरू केली, तर शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढून रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो.

म्हणून पीयूषिकेवर किरणोपचार घेतलेल्या प्रत्येकाने, यंत्र कोणतेही असो आणि वर्षे कितीही लोटलेली असोत, आपल्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा तरी सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल, फ्री टी-४, प्रोलॅक्टिन आणि लैंगिक संप्रेरके तपासून घ्यावीत. कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन सुरू असेल तर ते कधीही आपल्या मनाने बंद करू नये, तापात मात्रा किती वाढवायची ते आधीच लिहून घ्यावे, आणि 'पीयूषिकेवर किरणोपचार झालेला आहे' अशी चिठ्ठी पाकिटात कायम ठेवावी.